वायतुऱ्याची भावकी

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या मुलीने एका पाणवनस्पतीवर लेख लिहावा, हे आमच्या वर्गात पुष्कळांना विचित्र वाटले. ‘‘अंकासाठी एखादी कविता दे, नाहीतर आईवर काहीतरी लिही,’’ असा सल्ला मिळाला. आईवर लिहायचे मनात होतेच. पण लिहायला बसले की आई डोक्यावर मुरुमाचे घमेले घेऊन समोर उभी राहते, आणि ते घमेले जिथे रिकामे झाले ते डबके आठवते, आणि त्या डबक्यातला वायतुरा. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

आपल्या साताऱ्याच्या पश्चिमेला कास, चाळकेवाडी अशी जांभ्या दगडाची पठारे आहेत. आम्ही त्यांना सडा म्हणतो. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात हा सडा इतका तापतो की अनवाणी चालवत नाही. मृगाचा पाऊस लागला की खोलगट जागी पाणी साचते आणि मेलेल्या वाटणाऱ्या गाळातून एक झाड वर येते. त्याचा कंद आठ महिने चिखलात निजलेला असतो. पाणी मिळाले की लांबट पाने फुटतात, मग पाण्याबाहेर एक दांडा येतो आणि त्याच्या टोकाला दोन फाटे फुटून फिकट गुलाबी-पांढरा तुरा उभा राहतो. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो म्हणून वायतुरा, असे सांगतात. आमची आजी त्याला नुसते ‘तुरं’ म्हणायची. वाय हे अक्षर तिला कुठे माहीत असणार!

शास्त्रज्ञांनी या झाडाला दिलेले नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या १९८२ सालच्या खंडात सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या तिघांनी ही वेगळी जात असल्याचे जगाला सांगितले. जगाच्या वनस्पतिशास्त्रात आपल्या साताऱ्याचे नाव कायमचे नोंदवणारे हे झाड आज संकटग्रस्त मानले जाते. ते आपल्या सह्याद्रीचे आहे. इथून गेले की जगातून गेले.

आता माझी गोष्ट. बारावीचा निकाल लागला त्या वर्षी आमच्या गावावरच्या सड्याची एक जागा बाहेरच्या एका माणसाने घेतली. फुले बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांसाठी तिथे वाहनतळ करायचा होता. जागेत एक खोलगा होता, तो मुरुमाने भरून सपाट करण्याचे काम निघाले. मी आणि आई आठ दिवस रोजावर गेलो. त्या रोजातून माझी प्रथम वर्षाची प्रवेश फी भरली. त्या खोलग्यात पावसाळ्यात वायतुरा उगवतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. मी ते कुणाला बोलले नाही. सांगून कोण ऐकणार, असे मनाशी म्हटले. पण खरे सांगायचे तर रोज बुडेल ही भीती होती. आणि मनाची समजूत घालायला आणखी एक वाक्य तयार होतेच : ‘पलीकडच्या सड्यावर तुरे भरपूर आहेत की!’

हे वाक्य मी गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पुन्हा एकदा उच्चारले. दुसऱ्या एका महाविद्यालयाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आम्हांला सडा दाखवायला आले होते. मी म्हणाले, ‘‘सर, इथे एक डबके होते, बुजले. पण काही बिघडत नाही, पलीकडे पुष्कळ आहेत.’’ सरांनी रागावून वगैरे काही म्हटले नाही. फक्त विचारले, ‘‘ते पलीकडचे आणि हे इथले एकाच भावकीतले होते का, हे तपासलेस का?’’

या प्रश्नाने माझी झोप उडवली. तेव्हापासून ग्रंथालयात मिळेल ते वाचले, न समजलेले सरांना विचारले. त्यातून माझे जे मत झाले ते मांडण्यासाठी हा लेख आहे. मत थोडक्यात असे : एखादे झाड वाचले की नाही, हे फुले मोजून कळत नाही. त्याच्या किती भावक्या जगल्या, हे पाहावे लागते. आणि त्या भावक्या प्रसिद्ध पठारावर कमी, कुणी न पाहिलेल्या डबक्यांत जास्त असू शकतात.

या अभ्यासाला समष्टी आनुवंशिकी असे जड नाव आहे. एका जीवाचा नव्हे, सबंध जमावाच्या वंशाचा हिशेब मांडणारे हे शास्त्र. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिघांनी त्याचा पाया घातला. फिशर आणि हाल्डेन हे इंग्लंडचे, राइट अमेरिकेचे. त्यांतले हाल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. एवढे वाचल्यावर मला या शास्त्राची भीती वाटेनाशी झाली. पुढे लक्षात आले की यातला अर्धा भाग आमच्या घरी पूर्वीपासून माहीत आहे.

आमचे आण्णा चौथी शिकलेले. गावाचा वळू दर चार-पाच वर्षांनी बदलला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. ‘‘एकच वळू लई वर्सं ठेवला की वासरं खुजी निघत्यात,’’ ते म्हणत. राइट यांनी हेच गणिताने सांगितले आहे. समजा कळपात चाळीस गाई आहेत आणि एकच वळू. मोजायला जनावरे एकेचाळीस. पण पुढच्या पिढीतल्या सगळ्या वासरांचा बाप एकच, म्हणजे सगळी एकमेकांची सावत्र भावंडे. राइट यांचे सूत्र असे : नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याची चौपट, आणि भागिले एकूण संख्या. हिशेब केला तर एकेचाळीस जनावरांचा हा कळप वंशाच्या दृष्टीने जेमतेम चार जनावरांएवढा भरतो. अशा कळपातली विविधता दर पिढीला सुमारे आठव्या हिश्शाने कमी होत जाते.

वायतुऱ्याचा यात काय संबंध? संबंध असा की अपोनोजेटॉन कुळातल्या भारतातल्या इतर जातींत नर आणि मादी एकाच झाडावर असतात. वायतुऱ्यात मात्र नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. एका डबक्यात शंभर तुरे आहेत असे समजा. पन्नास नर आणि पन्नास मादी असतील तर वंशाच्या हिशेबानेही ती शंभर झाडे. पण दहाच नर आणि नव्वद मादी असतील तर त्याच सूत्राने उत्तर येते छत्तीस. रस्त्यावरून फोटो काढणाऱ्याला दोन्ही डबकी सारखीच सुंदर दिसतील. मोजणी करणारा कर्मचारीही दोन्हीकडे शंभर असेच लिहील. आणि एखाद्या डबक्यात सगळी झाडे एकाच लिंगाची उरली तर? कंद जिवंत आहे तोवर दरवर्षी तुरे येतील, बघणारे खूश होतील, आणि नर-मादीच्या मेळातून होणारी नवी पिढी मात्र तिथे थांबलेली असेल. म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी भरलेले गाव लांबून नांदतेच दिसते, तसे.

दुसरी गोष्ट आमच्या आजीकडून शिकले. नाचणीचे बी ठेवताना ती एका जागची कणसे कधी घेत नसे. शेताच्या चारी कोपऱ्यांतून, उंच-बुटक्या, लवकर आलेल्या, उशिरा आलेल्या ताटांची कणसे निवडून आणायची. का, ते तिने कधी सांगितले नाही. मिसळलेल्या धान्याच्या पोत्यातून पसाभर घेतले तर सगळ्या जातींचे दाणे हाती येतात. चिमूटभर घेतले तर एखादी जात सुटते. आणि पुढच्या साली त्या चिमटीतूनच पेरायचे असेल तर सुटलेली जात पुन्हा शेतात येत नाही. लहान डबक्यांत नेमके हेच घडते. त्यात कुणाचा दोष नसतो, झाडात काही कमी असते असेही नाही. संख्या थोडी असली की पिढीमागून पिढी चिमूटच पुढे जाते. एखादा गुण नुसत्या योगायोगाने गळतो : उशिरा पाऊस आला तरी तग धरण्याचा असेल, एखाद्या रोगाला दाद न देण्याचा असेल.

पूर्वी यावर निसर्गाचा उपाय होता. सड्यावर एक डबके भरून दुसऱ्यात उतरायचे, त्यातून ओहोळ वाहायचा, पाण्याबरोबर बी जायचे. फुलांवरचे कीटक परागकण घेऊन जायचे. डबक्या-डबक्यांची सोयरीक चालू असायची. आता मधे रस्ता येतो, चिऱ्याची खाण येते, पवनचक्कीचा मुरुमी मार्ग येतो, भिंत येते. माणसाच्या दृष्टीने ते शंभर फुटांचे अंतर. वायतुऱ्याच्या दृष्टीने मधला ओहोळ बुजला की सोयरीक तुटली. म्हणून मी आणि आईने बुजवलेले डबके हे एकच डबके होते, असे मला आता म्हणता येत नाही. ते दोन डबक्यांमधला पूलही असू शकेल.

किती संख्या म्हणजे पुरेशी? फ्रँकलिन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९८० साली एक ठोकताळा दिला. वंशाच्या हिशेबाने पन्नासच्या खाली गेले तर नात्यातल्या नात्यात संकर होऊन वंश लवकर दुबळा होतो, आणि दीर्घकाळ बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायचे तर पाचशे तरी हवेत. पुढच्या काही शास्त्रज्ञांच्या मते हे आकडेही कमी आहेत, दुप्पट धरावेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये माँट्रियल येथे जैवविविधतेचा जो जागतिक आराखडा मान्य झाला, त्यात तर एखाद्या जातीच्या किती समूहांची अशी परिणामकारक संख्या पाचशेच्या वर आहे, हे देशांनी पाहायचे ठरले आहे. म्हणजे जगाने मान्य केले की नुसती जात वाचवणे पुरेसे नाही. आपल्याकडे मात्र वर्तमानपत्रात बातमी येते ती ‘यंदा फुलांचा बहर’ किंवा ‘यंदा बहर कमी’ एवढीच.

माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘‘हे सगळे खरे असेल. पण वायतुऱ्याचा उपयोग काय? तो काही भात नाही.’’ प्रश्न रास्त आहे. गरिबाच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो आणि तो विचारण्याची लाज वाटायचे कारण नाही. त्याला उत्तर म्हणून भाताचीच गोष्ट सांगते.

आपल्याकडे तळ्याकाठी न पेरता उगवणाऱ्या भाताला देवभात म्हणतात. ऋषिपंचमीला त्याची आठवण होते. अशाच रानभाताची एक जात म्हणजे ओरायझा निवारा. यातला निवारा हा शब्द संस्कृतातल्या ‘नीवारा’वरून घेतलेला आहे. आपल्या संस्कृतच्या विद्यार्थ्यांना शाकुंतलाचा पहिला अंक आठवेल : आश्रम जवळ आल्याच्या ज्या खुणा दुष्यंत सांगतो, त्यांत झाडांखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. १९७० च्या सुमारास दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या भातावर झाडे खुरटवणारा एक विषाणू पसरला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने भाताचे सहा हजारांहून जास्त नमुने तपासले. रोगाला दाद न देणारा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराच्या एका नमुन्यात. त्याच्या संकरातून पुढे आयआर-३६ सारख्या जाती आल्या आणि लक्षावधी शेतकऱ्यांच्या ताटात भात राहिला.

यातला मुद्दा नीट पाहावा. रानभाताची ती जात इतरही ठिकाणी होती, तिचे दुसरे नमुनेही संग्रहात होते. गुण होता तो एका ठिकाणच्या भावकीत. ते एक पाणथळ आधीच कुणी बुजवले असते, तर ‘जात’ शाबूत राहिली असती आणि गुण गेला असता. त्या पाणथळाच्या काठावर उभे राहून कुणी ‘पलीकडे पुष्कळ आहे’ म्हटले असते तर ते वाक्य अगदी खरे असते, आणि तरीही केवढे चुकीचे! वायतुऱ्यातून असे काही निघेलच, असा माझा दावा नाही. उपयोग आधी कळत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता आपल्याकडे चाललेल्या संरक्षणाविषयी. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात कासचे पठार आले. त्याचा अभिमान सर्वांना आहे. तिथे तिकीट लागते, त्या पैशातून गावातल्या मुलामुलींना हंगामात काम मिळते. हे चांगलेच आहे. पण यामुळे आपल्या मनात एक सोयीची वाटणी झाली आहे. कासची फुले म्हणजे वारसा, आणि शेजारच्या नाव नसलेल्या सड्यावरचे डबके म्हणजे पडीक जमीन. गर्दी कासला आणि गाड्या उभ्या करायला, तंबू ठोकायला, हॉटेले बांधायला आजूबाजूचे सडे! एका देवळात समई लावायची आणि त्यासाठी गावातले सगळे तेल काढून घ्यायचे, अशातला हा प्रकार आहे.

कुणी म्हणेल, काही कंद काढून उद्यानात लावून ठेवा म्हणजे झाले. शास्त्रीय उद्यानांचे काम मोठे आहे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एकाच डबक्यातून शंभर कंद नेले तर एकाच भावकीचे शंभर नेले. आजीसारखे चार कोपऱ्यांतून न्यावे लागतील, आणि त्यासाठी चार कोपरे जागेवर असावे लागतील. उलट, उत्साहाच्या भरात इकडचे कंद तिकडे नेऊन लावणेही बरे नाही. प्रत्येक डबक्याची त्या जागेशी जुळलेली घडी असू शकते. आधी जनुकांची तपासणी करून कोण कुणाचे किती जवळचे हे पाहायचे, मग सोयरीक जुळवायची. लग्नाआधी चौकशी करतो तशी.

दुसरी बाजू मी विसरलेले नाही. सड्याला कुलूप लावा, गुरे हाकला, गावकऱ्यांना लांब ठेवा, असे शहरातून सांगणारे लोक मला पटत नाहीत. गुरे या सड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आणि वायतुराही उगवत आला. शिवाय ज्या घरात फी भरायला मुरुमाचे घमेले उचलावे लागते, त्या घराला ‘डबके बुजवू नका’ असे फुकट सांगता येत नाही. त्या आठ दिवसांत आम्हांला रोज देणारे दुसरे कुणी असते, तर आम्ही त्या कामावर गेलो नसतो. माझ्या मते प्रश्नाची गाठ इथे आहे. ती प्रयोगशाळेत सुटणार नाही. जमिनीचा मालक कोण, परवानगी कोण देतो, ‘पडीक’ हा शेरा सातबाऱ्यावर कशाच्या आधारे पडतो, पर्यटनाचा पैसा कुठे जातो, हे प्रश्न अर्थशास्त्राचे, भूगोलाचे, राज्यशास्त्राचे आहेत. म्हणजे आपले आहेत. ‘हा तुमचा विषय नाही’ असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर.

आणि आपल्या हातात काही साधने आहेतही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. त्या वहीत ‘वायतुरा : आढळतो’ एवढी ओळ लिहून भागू नये. डबके कुठे आहे, त्याला गावात काय म्हणतात, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, तुरे किती, त्यांत नर किती, मादी किती, असे लिहावे. नर-मादी ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. फुलात परागकोश आहेत की बीजकोश, हे साध्या भिंगातून दिसते. डबक्यांची नावे आणि पाण्याच्या वाटा तर गुराख्यांइतक्या कुणालाच माहीत नाहीत. जनुकांची तपासणी विद्यापीठाने करावी; पण कुठे तपासायचे हे आमच्या आण्णांना विचारल्याशिवाय विद्यापीठाला कळणार नाही. आणि या मोजणीचा रोज गावातल्याच बायाबापड्यांना मिळावा. मुरुम टाकायला रोज मिळतो, तर तुरे मोजायला का मिळू नये?

आपल्या महाविद्यालयाला माझी विनंती अशी की पुढच्या पावसाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचे एक शिबिर या कामासाठी घ्यावे. श्रमदानातून रस्ते आपण पुष्कळ केले. एक वर्ष वही करून पाहू.

मागच्या श्रावणात मी आणि आई त्या वाहनतळावरून गेलो. गाड्या उभ्या होत्या. कडेला, मुरुम थोडा कमी पडलेल्या जागी, पाणी साचले होते आणि त्यातून एक तुरा वर आला होता. आईने तो आधी पाहिला. नर की मादी, हे पाहायला माझ्याकडे तेव्हा भिंग नव्हते. आई म्हणाली, ‘‘एकलाच हाय गं.’’ मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने विचारले, ‘‘तुझी पुढच्या वर्साची फी किती?’’ मी आकडा सांगितला. यंदा ती फी भरायला मी सुट्टीत शिकवण्या घेते आहे. ज्यांना तो तुरा पाहायचा असेल त्यांनी आषाढ-श्रावणात कधीही यावे. मी घेऊन जाईन. येताना एक भिंग आणावे.